डिप्लोमा इलेक्ट्रिकल झालाय, प्रोटोटाईप लॅबमधे टेक्निशियन म्हणून जाऊ का फाउंड्रीत मेंटेनन्सला?

पंचगंगेचा_पोरगा:

नमस्कार मंडळी. यंदाच डिप्लोमा इलेक्ट्रिकल संपला, फर्स्ट क्लास आहे. हातात दोन ठिकाणं आहेत आणि डोक्याचा पार भुगा झालाय म्हणून इथं विचारतोय.

पहिलं म्हणजे कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत मेंटेनन्स. तीन शिफ्ट, हातात सतरा हजार, ओव्हरटाईम वेगळा, कँटीन आहे. दुसरं गोकुळ शिरगावला एक छोटी कंपनी आहे, सोलर पंपाचे कंट्रोलर आणि मोटरचे ड्राईव्ह (मोटरचा वेग कमीजास्त करणारा डबा) बनवतात, त्यांच्याकडं प्रोटोटाईप लॅब आहे तिथं टेक्निशियन. चौदा हजार, जनरल शिफ्ट, रविवार सुट्टी. इंटरव्ह्यूला जे सर होते त्यांनी मार्क वगैरे काही विचारलं नाही, सरळ एक बोर्ड हातात दिला आणि म्हणाले याला पहिल्यांदा सप्लाय देताना काय काय करशील. मी म्हंटलं मीटरनं शॉर्ट बघीन. ते म्हणाले बरं, अजून? तिथं मी गप्प. तरी दोन दिवसांनी फोन आला की ये म्हणून.

वडील उद्यमनगरात लेथवर आहेत, त्यांचं म्हणणं टेबलावर बसून सोल्डर मारायला डिप्लोमा कशाला केलास, मशीन चालू ठेवणारा माणूस कुठंही उपाशी मरत नाही. मामा म्हणतो आर अँड डी म्हणजे भारी, सोडू नको. मामाला आर अँड डी म्हणजे काय ते माहीत नाही आणि खरं सांगायचं तर मलापण नाही.

तिथं टेक्निशियन दिवसभर करतो काय? काही शिकायला मिळतं का इंजिनियर सांगेल तेवढं जोडायचं आणि गप्प बसायचं? आणि सातशे आठशे व्होल्ट डीसीवर काम असतं म्हणाले, त्याची जरा भीतीपण वाटतेय. जे कुणी अशा लॅबमधे आहेत त्यांनी सांगा, कॉलेजच्या सरांना विचारलं तर ते म्हणाले दोन्ही चांगलं आहे.


ड्राईव्हवाला_हातकणंगले:

आधी त्या सरांच्या प्रश्नाचं उत्तर घे कारण त्यात निम्मी नोकरी आली. नवीन बोर्ड आला की पहिलं डोळ्यानं बघायचं, कॅपॅसिटर उलटा बसलाय का, डायोडची पट्टी बरोबर बाजूला आहे का, दोन पायांच्या मधे सोल्डर चिकटलाय का. मग मीटरनं प्रत्येक सप्लाय आणि ग्राउंडच्या मधे रेझिस्टन्स, आणि तो आकडा लिहून ठेवायचा, नुसता बीप वाजत नाही एवढ्यावर सोडायचं नाही. मग बेंच सप्लायचं करंट लिमिट अगदी कमी ठेवायचं, बोर्ड शंभर मिलीअँपिअर घेणार असेल तर दीडशेवर लाव, आणि व्होल्टेज हळूहळू वर. ५ व्होल्ट आले का, ३.३ आले का, काही गरम होतंय का, मग पुढं. आणि मेन्सवर चालणारं काही असलं तर सिरीज लॅम्प. होय तोच, रिवाइंडिंगवाले वापरतात तो १०० वॅटचा बल्ब, थ्री फेजला तिन्हीत एकेक. आत शॉर्ट असला तर बल्ब फुल्ल पेटतो आणि बोर्ड वाचतो, सगळं ठीक असलं तर कॅपॅसिटर चार्ज होताना उजळतो आणि मग मंद होतो. एलईडी बल्बनं हे जमत नाही, फिलामेंटवालाच पाहिजे, आणि तो आता मिळायची बोंब आहे म्हणून आम्ही खोकं भरून ठेवलंय.

आता दिवसभर काय करतो. खरं सांगू का, निम्मा वेळ तयारी. टेस्टला लागणाऱ्या वायरी कापा, लग्ज क्रिम्प करा, स्लीव्ह घाला, नंबर लावा, हीटसिंकवर थर्मोकपल चिकटवा, मोटर लोडवर लावा आणि मग दर दहा मिनिटांनी तापमान लिहीत बसा, आता लॉगर आलाय पण शेजारी माणूस लागतोच. बाकीच्या वेळात बोर्डवर दुरुस्त्या. इंजिनियर म्हणतो गेट रेझिस्टर १० ओहमचा २२ कर, बदलला, वेव्हफॉर्म बघितला, आता १५ कर. ट्रॅक कापा, जंपर टाका. संध्याकाळपर्यंत बोर्डवर इतके जंपर होतात की मूळ बोर्ड दिसत नाही. यात कंटाळा आहे, नाही असं नाही.

पण वडलांना हे सांग. मागं आमच्या लॅबमधे एक ड्राईव्ह महिनाभर मस्त चालला, लोड टेस्ट पास, तापमान पास, सगळं पास. शेतावर दिला की मोटरचं वाइंडिंग जळायचं. एक गेली, दुसरी बसवली तीपण गेली. इंजिनियर म्हणे मोटर खराब, मोटरवाला म्हणे ड्राईव्ह खराब, शेतकरी दोघांना शिव्या घालतोय आणि ऊस वाळतोय. आमच्यातला एक टेक्निशियन बोअरवर जाऊन आला आणि त्यानं एकच गोष्ट सांगितली, की लॅबमधे ड्राईव्हपासून मोटर दोन मीटरवर आहे आणि तिथं पेटीपासून बोअर आणि बोअरच्या आत मोटर धरून शंभर सव्वाशे मीटर केबल आहे. मग तेवढी केबल आणली, बंडल तसंच न ठेवता कंपाऊंडच्या कडेनं उलगडून टाकली आणि मोटरच्या टोकाला डिफरन्शियल प्रोब (अर्थशी न जोडता दोन टोकांमधलं व्होल्टेज दाखवणारा) लावला. ड्राईव्हकडं डीसी बस, म्हणजे त्याच्या आतली मुख्य डीसी लाईन, ५८० च्या आसपास आणि मोटरकडं प्रत्येक पल्सला अकराशेच्या पुढं टोक. ड्राईव्हचा पल्स फार जलद चढतो, लांब केबलच्या शेवटाला जाऊन आपटून परत फिरतो आणि तिथं व्होल्टेज जवळजवळ दुप्पट होतं, पहिल्या काही वेढ्यांचं इन्सुलेशन त्यातच फाटतं. पुस्तकात हे सगळं आहे, इंजिनियरला माहीतपण होतं, फक्त केबल किती लांब आहे हे कुणी विचारलं नव्हतं. आऊटपुटला फिल्टर लावला, विषय संपला. त्यादिवसापासून आमच्या लॅबमधे केबलचं ते भेंडोळं कायमचं आहे आणि प्रत्येक नवीन ड्राईव्ह त्याच्यावर तपासल्याशिवाय बाहेर जात नाही.

हे सोल्डर मारणं नाही. जा तू लॅबला.


भट्टी_मेंटेनन्स:

वरच्या भावाचं सगळं पटलं पण पोराला एकच बाजू दिसायला नको म्हणून लिहितो. मी फाउंड्रीत आहे, मेंटेनन्सच. लोकांना वाटतं इथं नुसत्या मोटरी आणि कॉन्टॅक्टर. अरे इंडक्शन फर्नेसचं पॅनेल म्हणजे काय असतं, थायरिस्टर, डीसी चोक, इन्व्हर्टर, कॅपॅसिटर बँक, पाण्यानं गार होणाऱ्या केबली, सगळं पॉवर इलेक्ट्रॉनिक्सच आहे की, आणि तेपण शेकडो किलोवॅटचं. लॅबमधे बोर्ड उडाला तर उद्या बघू म्हणता येतं. इथं भट्टीत माल वितळलाय आणि पॅनेल ट्रिप झालं तर मागं सुपरवायझर, त्याच्या मागं मॅनेजर आणि माल थंड व्हायला लागलेला. त्या अर्ध्या तासात फॉल्ट शोधायची जी सवय लागते ती कुठल्या लॅबमधे लागत नाही.

आणि पैशाचं कुणी बोलत नाही. सतरा अधिक ओव्हरटाईम म्हणजे वीसच्या पुढं जातंय. छोट्या कंपनीची ऑर्डर थांबली की पहिली कात्री आर अँड डी ला लागते, प्रॉडक्शनला नाही. दोन तीन वर्षं इथं हात काळे कर, मग लॅबला जा, तिथलेच तुला उचलून घेतील कारण फिल्डवर काय होतं ते तुला माहीत असेल. नाईट शिफ्ट आणि उन्हाळ्यात भट्टीसमोरची गरमी सोसता आली पाहिजे, ते मात्र खरं.


तांबडा_पांढरा:

दोन्ही सोड आणि खानावळ काढ भावा. लाईट बिल सोडलं तर इलेक्ट्रिकलचा त्रास नाही.


पंचगंगेचा_पोरगा:

खानावळीचा विचार ठेवतो राखीव 😄

ड्राईव्हवाले दादा, केबलचं वडलांना वाचून दाखवलं, काही बोलले नाहीत पण दोनदा वाचायला लावलं. भट्टीवाले दादा, तुमचं ऐकून परत गोंधळ झाला. एक विचारू का, लॅबमधे राहिलं की माणूस तेवढ्याच एका प्रॉडक्टमधे अडकतो का? म्हणजे उद्या तिथून बाहेर पडायचं झालं तर मला काय येतंय म्हणून सांगणार?


सोल्डरताई:

मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आहे, बॅटरीच्या बोर्डांचं काम, त्याआधी पुण्यात होते. अडकण्याचं विचारलंस म्हणून सांगते, तू एकाच प्रॉडक्टवर असलास तरी हात सगळीकडं चालतात. शीटमेटलचा डबा, ट्रान्सफॉर्मर वाइंडिंग, हार्नेस, बोर्ड, टेस्टिंग, सप्लायरशी भांडण, सगळं टेक्निशियनच्याच गळ्यात येतं, छोट्या कंपनीत तर जास्तच.

कोल्हापुरात लॅब असण्याची एक गंमत आहे. पुण्यात असताना एक ब्रॅकेट बनवून घ्यायला ड्रॉइंग, कोटेशन, पीओ, आठवडा गेला. इथं उद्यमनगरात सकाळी जुना तुकडा हातात घेऊन गेलं की दुपारी नवीन तयार, वर मिस्त्री दोन सुधारणा सुचवतो आणि त्या बरोबर असतात. उलट इलेक्ट्रॉनिक्सचं सामान. एक आयसी पाहिजे म्हंटलं की पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांना फोन, नाही मिळाला तर मुंबईला लॅमिंग्टन रोड, तोही नाही तर ऑनलाईन मागवा आणि वाट बघा, मुंबईचं पार्सल रात्रीच्या ट्रॅव्हल्समधून येतं आणि सकाळी सहाला स्टँडवर आणायला कोण जाणार तर टेक्निशियन. म्हणून एक सवय लाव, कुठलाही पार्ट मागवताना दोन जास्त मागव आणि बदली चालेल असा दुसरा नंबर आधीच विचारून ठेव.

सोल्डरिंगला वडील हसत असतील तर हसू देत, पण ती स्वतंत्र कला आहे. ६३/३७ चा सोल्डर १८३ डिग्रीला वितळतो, लेड-फ्री २१७ च्या पुढं, त्यामुळं एकाची सवय असलेला हात दुसऱ्यावर बिघडतो. नवीन मुलं काय करतात, वितळत नाही म्हणून टेंपरेचर ४५० ला नेतात आणि बोर्डवरचं पॅडच उपटून येतं. टेंपरेचर नाही वाढवायचं, बिट मोठं घ्यायचं आणि फ्लक्स लावायचा. ग्राउंड प्लेनला जोडलेली पिन असली तर बोर्ड खालून थोडा तापवून घ्यायचा. लेडचा सोल्डर हाताळून तसाच डबा खायला बसायचं नाही, हात धुवायचे, आणि धूर तोंडावर घ्यायचा नाही, छोटा का होईना पंखा ओढून घेणारा पाहिजे.

आणि आपल्याकडचा पावसाळा. जून ते सप्टेंबर लॅबमधे असे असे फॉल्ट येतात की विचारू नको. एका बोर्डवर व्होल्टेजचं रीडिंग सकाळी हलायचं, दुपारी बरोबर. इंजिनियर सॉफ्टवेअरमधे शोधतोय. बघितलं तर मोठ्या व्हॅल्यूच्या रेझिस्टरच्या जवळ फ्लक्स पुसलेला नव्हता, रात्रभर दमट हवेत तो ओल धरायचा आणि त्यातून लिकेज, दुपारी बोर्ड तापला की सुकायचा. आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोल) ब्रशनं धुतला, रीडिंग जागेवर. हिवाळ्यात उलटं, हवा कोरडी, स्टॅटिक जास्त. तीन हजार व्होल्टच्या खालचा स्टॅटिक आपल्याला जाणवतसुद्धा नाही आणि मॉसफेटच्या (बोर्डवरचा इलेक्ट्रॉनिक स्विच) गेटची मर्यादा साधारण २० व्होल्ट असते, म्हणजे तू हात लावलास, काही झालं नाही असं वाटलं आणि तो आतून अर्धा मेला, शेतावर जाऊन पूर्ण मरेल. म्हणून रिस्ट स्ट्रॅप घालायचा. फक्त हाय व्होल्टेज चालू असताना काढून ठेवायचा, तेव्हा स्वतःला अर्थला बांधून घेणं म्हणजे मूर्खपणा, स्ट्रॅपमधे १ मेगओहम असला तरी.

मुलींनी कुणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी, या कामात मुली कमी आहेत पण काम चांगलं आहे. पहिले दोन महिने तुला फक्त पॅकिंग आणि एक्सेल देतील, तिथं गप्प बसू नकोस, सोल्डरिंग गन हातात मागून घे.


बोर्ड_बिघडवणारा:

मी वर सगळे ज्याला इंजिनियर इंजिनियर म्हणतायत तो. डिझाईन करतो, म्हणजे टेक्निशियनला त्रास देण्याचा पगार घेतो. आमच्या बाजूनं थोडं लिहितो.

मला टेक्निशियनकडून सुंदर सोल्डरिंगपेक्षा एक गोष्ट जास्त पाहिजे असते, काय बघितलं ते जसंच्या तसं सांगणं. "सर बोर्ड गेला" हे वाक्य मला काही सांगत नाही. किती व्होल्टवर गेला, लोड किती होता, चालू करताना गेला का चालू असताना का बंद करताना, आवाज आला का, आधी धूर का आधी फ्यूज, त्याआधी कुणी काय बदललं होतं. हे जो सांगतो त्याच्यामुळं माझे आठ दिवस वाचतात. आणि जळलेला पार्ट लगेच काढून टाकायचा नाही, आधी फोटो. मी असे टेक्निशियन बघितलेत जे बोर्ड उडाला की साहेब ओरडतील म्हणून पार्ट बदलून गुपचूप परत चालू करतात, आणि बोर्ड चालतो, आणि आम्ही सगळे खूश. तो फॉल्ट तिथंच असतो. प्रोटोटाईप उडण्यासाठीच बनवलेला असतो रे, लॅबमधे उडाला तर स्वस्तात सुटलो.

एकावेळी एकच बदल. रेझिस्टरपण बदलला आणि केबलपण बदलली आणि प्रॉब्लेम गेला, तर कशानं गेला? आणि प्रत्येक बोर्डला टॅग, रिव्हिजन काय, जंपर कुठले टाकलेत, तारीख. सहा महिन्यांनी कपाटात वीस सारखे दिसणारे बोर्ड सापडतात आणि त्यातला चालणारा कुठला हे कुणालाच माहीत नसतं, हे प्रत्येक लॅबमधे होतं.

बाहेर पडताना काय सांगणार विचारलंस ना, तर मी मुलाखत घेताना वही बघायला मागतो. कंपनीची गुपितं नकोत, पण तू फॉल्ट कसा शोधलास, आधी काय वाटलं, काय तपासलं, काय निघालं, हे स्वतःच्या शब्दात सांगता आलं तर सर्टिफिकेट लागत नाही. भट्टीवाल्यांचं म्हणणं मला खोटं वाटत नाही, फक्त एक फरक आहे, मेंटेनन्समधे चालणारी गोष्ट बंद पडलेली असते, म्हणजे ती चालू शकते हे माहीत असतं. लॅबमधे ती कधी चाललेलीच नसते. ड्रॉइंग चुकीचं असू शकतं, डेटाशीट वाचण्यात घोळ असू शकतो, मी चुकलेला असू शकतो. कुणावरच विश्वास न ठेवता शोधायचं, याची मजा ज्याला येते त्यानं यावं, ज्याला येत नाही त्याला वर्षभरात वैताग येतो.

पुढची वाढ हा मात्र खरा प्रश्न आहे, ते लपवत नाही. डिप्लोमावर सिनियर टेक्निशियन, मग लॅब इनचार्ज, त्याच्यावर बऱ्याच ठिकाणी डिग्री मागतात. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, ते डोक्यात ठेव, वर्ष दोन वर्षं काम करून मग गेलेली मुलं वर्गात बाकीच्यांच्या पुढं असतात.

आणि जॉईन होताना एवढं विचार, पगारावर घेताय का अप्रेंटिस म्हणून. अप्रेंटिस असेल तर रीतसर नोंदणी आणि करार पाहिजे. पगारावर असेल तर पीएफ ईएसआय कापून हातात चौदा का आधी चौदा. पीएफचे १२ टक्के गेले की फरक कळतो.


पंचगंगेचा_पोरगा:

सर एवढं सविस्तर लिहिलंत, आभारी आहे. काल मी लॅब बघायला येऊ का म्हणून विचारलं तर या म्हणाले, जाऊन आलो. दोन बेंच आहेत, मागं शेडमधे मोठी टाकी आणि त्यात पंप सोडलाय, गच्चीवर पॅनेल आहेत त्याची लाईन खाली आणलीय. माणसं चांगली वाटली, चहा पाजला. जे टेक्निशियन आहेत ते खूप हुशार आहेत.

पण दोन गोष्टी खटकल्या, का मलाच उगं वाटतंय ते सांगा. एक म्हणजे स्कोपच्या (वेव्हफॉर्म दाखवणारा ऑसिलोस्कोप) थ्री पिनची अर्थची पिन तोडलेली होती. विचारलं तर म्हणाले ड्राईव्हवर लावताना धमाका होतो म्हणून काढली. दुसरं, ड्राईव्ह बंद केल्या केल्या त्यांनी लगेच आत हात घालून वायर काढली. मी म्हंटलं कॅपॅसिटर? ते म्हणाले बंद होताना दिवा विझला की झालं.


वायरमन_काका:

पोरा तुला उगं वाटत न्हाई, बरोबर वाटतंय. तीस वर्सं या धंद्यात हाय, आता रिटायर, पोरं बोलावत्यात तवा जातो.

स्कोपचं आधी. स्कोपच्या प्रोबची काळी क्लिप असती ती आतनं थेट अर्थला जोडल्याली असती. ती ड्राईव्हच्या लाईव्ह भागाला लावली की सरळ शॉर्ट, म्हणून धमाका. मग लोक अर्थ पिन तोडत्यात. धमाका थांबतो, खरं आता त्या स्कोपची सगळी लोखंडी बॉडी पाचशे सहाशे व्होल्टवर गेली. बटण फिरवायला हात लावला की खेळ खलास. ह्याला इलाज म्हणजे डिफरन्शियल प्रोब, महाग हाय पण माणसापेक्षा न्हाई. ते नसंल तर जे तपासायचंय त्याला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावायचा, स्कोपला न्हवं. आणि ट्रान्सफॉर्मर लावला म्हणून बिनधास्त दोन हातानं धरायचं असंपण न्हाई.

आता कॅपॅसिटर. ४१५ व्होल्ट रेक्टिफाय केलं की डीसी बस ५८७. समज १००० मायक्रोफॅरडची बँक हाय, तर त्यात १७० ज्यूलच्या आसपास साठा असतो, तेवढा छातीतनं गेला तर उठायचा न्हाईस. डिस्चार्जला १०० किलोओहमचा रेझिस्टर असंल तर टाईम कॉन्स्टंट १०० सेकंद, म्हणजे एक मिनिट झालं तरी तिनशेच्या वर व्होल्टेज हाय, पाच मिनिटांनी कुठं तीसच्या खाली येतंय. आणि हे रेझिस्टर धड असंल तर. प्रोटोटाईपमधे तो रेझिस्टरच बसवायचा राहिलेला असतोय, न्हाईतर ड्राय सोल्डर. मग तासभरानंपण चार्ज हाय. दिवा विझला म्हणजे दिव्याची सप्लाय गेली, एवढाच त्याचा अर्थ. मीटर लावायचा, आकडा बघायचा, मग हात. घाई असंल तर रेझिस्टर लावलेली डिस्चार्जची काठी ठेवायची, स्क्रूड्रायव्हरनं शॉर्ट मारायचा न्हाई, स्क्रूड्रायव्हर वितळतो आणि डोळ्यात उडतंय.

आणि सोलरचं तर येगळंच. पंधरा सोळा पॅनेल सिरीजला लावली की सातशेच्या आसपास डीसी, आणि पॅनेलला उन्हात बंदचं बटण नसतं. एसीला आर्क पडली तर करंट दर सायकलला दोनदा शून्य हुतो म्हणून विझायला संधी मिळती, डीसीत शून्य येतच न्हाई, आर्क लांबतच जाती. म्हणून लोडवर असताना कनेक्टर उपसायचा न्हाई, आधी डीसीचा आयसोलेटर पाडायचा. एसीचा एमसीबी डीसीला लावलेला दिसला तर तिथनं लांब उभा ऱ्हा.

आता हे वाचून घाबरून जायचं सोडू नको. फाउंड्रीत काय कमी मरण हाय व्हय. तुला जे खटकलं ते त्या सरांना सांग, सरळ, दहा माणसांम्होरं न्हवं, बाजूला घिऊन. ऐकून घिऊन दुसऱ्या दिवशी स्कोपला नवी पिन बसवली तर बिनधास्त जा, ती लॅब चांगली हाय. हसण्यावारी नेलं तर चौदा काय चाळीस दिलं तरी जाऊ नको.


भट्टी_मेंटेनन्स:

काकांचं शेवटचं एक नंबर. मी माझं मत बदललं नाही, पण माणूस लॅब बघायला जाऊन थेट अर्थची पिन बघतो म्हणजे याला फाउंड्रीत पाठवून आम्हीच फायद्यात राहू 😄


पंचगंगेचा_पोरगा:

काका, तुम्ही म्हणालात तसं आज सरांना फोन करून सांगितलं. जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले डिफरन्शियल प्रोब मागच्या वर्षीच मागवायचा होता, राहिला, तोवर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आहे तो बेंचवर आणतो आणि स्कोपची कॉर्ड आजच बदलतो. संध्याकाळी नव्या कॉर्डचा फोटो पाठवला. आणि पगार हातात चौदाच आहे, पीएफ धरून वर. वडील म्हणाले जा, पण सहा महिन्यांनी परत विचार कर. सोमवारी जॉईन होतोय.

शेवटचा प्रश्न, स्वतःचा मीटर घ्यावा का? कॉलेजात असताना घेतलेला तो छोटा पिवळा आहे दोन तीनशेवाला, तो चालेल का?


ड्राईव्हवाला_हातकणंगले:

अभिनंदन भावा. तो पिवळा घरी बॅटरी सेल तपासायला ठेव, लॅबमधे नेऊ नको. त्यातल्या बऱ्याचशांना १० अँपिअरच्या भोकाला आत फ्यूजच नसतो, प्रोब चुकून तिथं राहिला आणि तू डीसी बसवर टेकवलास तर मीटर हातात फुटतो. कॅट थ्री (मीटरवरचं सुरक्षेचं रेटिंग) १००० व्होल्ट लिहिलेला घे, कारण सोलरचं काम आहे, कॅट थ्री ६०० तुला अपुरा पडेल. आत एचआरसी फ्यूज (मोठा शॉर्ट करंट न फुटता तोडणारा) आहे का विचार, आणि फ्यूज बदलायची वेळ आली तर तसाच घालायचा, काचेचा साधा नाही. पहिल्या पगाराच्या आधी घेऊ नको, कंपनीकडं मागून बघ, लॅब असेल तर त्यांच्याकडं पाहिजेच. प्रोबच्या वायरी मात्र स्वतःच्या चांगल्या घे, त्यांच्यावरपण तेच रेटिंग लिहिलेलं असतं, आणि इन्सुलेशनला चीर दिसली की टेप न लावता फेकून द्यायच्या.